खिशातला ध्वनिमुद्रक : एक परीक्षण

बांद्याला तेरेखोल नदीच्या काठच्या शेतांत पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी साठले की रात्री बेडकांचा गलका सुरू होतो. काही वर्षांपूर्वी तेथील एका शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी एक साधा प्रश्न निवडला. ज्या दिवशी पाऊस जास्त पडतो, त्या रात्री बेडकांचा आवाज जास्त मोठा असतो का? पाऊस मोजण्यासाठी त्यांनी सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा अंगणात ठेवला. आवाजासाठी आम्ही त्यांना आमच्याजवळचा खिशात मावणारा डिजिटल ध्वनिमुद्रक दिला. बारा रात्री, बरोबर आठ वाजता, शेताच्या एकाच मेरेवरून, प्रत्येकी दोन मिनिटांचे मुद्रण झाले. मुलांनी संगणकावर प्रत्येक मुद्रणाची सरासरी पातळी काढली आणि आलेख काढून आमच्यापुढे ठेवला.

आलेख म्हणजे जवळजवळ एक आडवी रेघ होती. बाराही रात्रींच्या पातळ्या एकमेकींपासून दोन डेसिबलच्या आत होत्या. मुलांनी खाली निष्कर्ष लिहिला होता : ‘पावसाच्या प्रमाणाचा बेडकांच्या आवाजावर परिणाम होत नाही.’ पद्धत नेटकी, नोंदी प्रामाणिक, निष्कर्ष आलेखाला धरून. आम्ही शाबासकी देणार, एवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “पण सर, त्या राती आमका एकमेकांचा बोलणा आयकाक येय नव्हता.”

तिचे कान बरोबर होते आणि यंत्र चूक होते. खरे सांगायचे तर यंत्रही चूक नव्हते. चूक आमची होती. ध्वनिमुद्रक मुलांच्या हाती देताना त्याची पातळी ‘ऑटो’वर होती आणि आम्ही ती तशीच राहू दिली होती. बारा रात्रींची मेहनत त्या एका खटक्यापायी वाया गेली.

या प्रसंगानंतर आम्ही शाळेत वापरता येतील असे काही ध्वनिमुद्रक, त्यांच्या माहितीपुस्तिका आणि मोबाइलवरील ध्वनिमुद्रणाची सोय हे सर्व एका दृष्टीने तपासून पाहिले : विज्ञानाचे साधन म्हणून यांची लायकी किती? हे परीक्षण त्यातूनच झाले आहे. काही हजार रुपयांत मिळणारे हे उपकरण शाळेच्या प्रयोगशाळेत असावे, असे आमचे मत आहे. परंतु ते ज्या अवस्थेत खोक्यातून बाहेर येते, त्या अवस्थेत ते मोजमापाला योग्य नसते. ते योग्य करून घ्यावे लागते, आणि ते कसे करावे हे पुस्तिका सांगत नाही.

आवाजाविषयी आपण चार प्रश्न विचारू शकतो. किती मोठा? केव्हा? कोणता? आणि कोणाचा? या चार प्रश्नांना ध्वनिमुद्रक किती खरी उत्तरे देतो, ते क्रमाने पाहू.

किती मोठा?

मायक्रोफोनचा पडदा हवेच्या दाबातील चढउतारांप्रमाणे हलतो आणि त्यातून सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. तो वर्धकातून वाढवला जातो आणि मग सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून अंकांत लिहिला जातो. यातील वर्धन किती करायचे, हे आपण ठरवायचे असते. ‘ऑटो’ ठेवले की ते यंत्र ठरवते. आवाज लहान झाला की यंत्र वर्धन वाढवते, मोठा झाला की कमी करते. सभेतील भाषण किंवा मुलाखत टिपताना ही सोय उपयोगी आहे. दूरचा आणि जवळचा वक्ता सारखाच स्पष्ट ऐकू येतो. पण मोठा आवाज आणि लहान आवाज यांची तुलना करायची असेल, तर ही सोय म्हणजे वर्गातील प्रत्येक मुलाचे गुण ओढूनताणून साठावर आणून ठेवणारा परीक्षक होय. त्या निकालपत्रावरून हुशार कोण हे कसे कळणार?

मोबाइलची स्थिती याहून अवघड आहे. मोबाइलचा मायक्रोफोन आणि त्यामागची आज्ञावली मुख्यतः माणसाच्या बोलण्यासाठी तयार केलेली असते. पातळी आपोआप सावरण्याबरोबरच पार्श्वभूमीतील सलग आवाज ‘गोंगाट’ म्हणून दाबण्याचे कामही पुष्कळ मोबाइल करतात. पावसाची धार, रातकिड्यांची किरकिर, बेडकांचा गलका हे सगळे त्याच्या लेखी गोंगाटच असते. म्हणजे जे आपल्याला हवे, तेच तो पुसतो. ध्वनिमुद्रकात निदान ‘ऑटो’ बंद करण्याची सोय असते. मोबाइलवर ती शोधावी लागते आणि कित्येकदा सापडत नाही.

आपल्या हातातले यंत्र मोजमापास योग्य आहे की नाही, हे ठरवायला कोणत्याही पुस्तिकेची गरज नाही. वारा पडलेला असताना मोकळ्या मैदानात एका स्टुलावर मोबाइल ठेवून त्यावर खरखरीचा एकसारखा आवाज लावा. दुसऱ्या स्टुलावर ध्वनिमुद्रक ठेवून १, २ आणि ४ मीटर अंतरावरून अर्धा-अर्धा मिनिट मुद्रण करा. लहान उद्गमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एकचतुर्थांश होते, म्हणजेच पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. जमिनीवरून परावर्तन होत असल्याने आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण दोन पायऱ्यांत मिळून १२ डेसिबलच्या जवळपास उतार दिसला पाहिजे. ‘ऑटो’वर हाच प्रयोग केला तर उतार बहुतांशी नाहीसा झालेला दिसेल. हा प्रयोग नववीच्या वर्गात अर्ध्या तासात होतो आणि व्यस्त वर्गाचा नियम व उपकरणाची परीक्षा अशी दोन्ही कामे एकदम होतात.

हाताने पातळी लावायची ती कशी? अंकीय ध्वनिमुद्रकात शून्य डेसिबल ही वरची मर्यादा असते. त्यापलीकडचा आवाज लिहायला अंकच शिल्लक नसतात; तरंगाचा माथा सपाट कापला जातो आणि कर्कश खरखर ऐकू येते. हा माथा पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून अपेक्षित असलेला सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास यावा असे वर्धन ठेवावे. उणे १२ म्हणजे मर्यादेच्या एकचतुर्थांश आयाम. एवढी जागा अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजासाठी राखलेली असावी. दशावतारी नाटकाचे मुद्रण ज्यांनी केले आहे त्यांना हे पटेल. संवादावर पातळी लावून आपण निश्चिंत बसतो, आणि पहिली झांज वाजताच सगळा मापकाचा पट्टा लाल होतो. पातळी संवादावर न लावता झांजेवर लावायची असते.

मग हळू आवाजाचे काय? तेथे बिटांची संख्या कामाला येते. १६ बिटांत आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटांत १,६७,७७,२१६. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल, या हिशेबाने २४ बिटांत हळू आवाज टिपायला भरपूर जागा उरते. मर्यादा येते ती मायक्रोफोनच्या आणि वर्धकाच्या स्वतःच्या खरखरीची. तेव्हा २४ बिट निवडावे, पातळी थोडी खालीच ठेवावी आणि एकदा लावलेले वर्धन प्रयोग संपेपर्यंत बदलू नये. वर्धनाच्या चकतीवरील आकडा वहीत लिहावा. तो आकडा वहीत नसेल तर दोन रात्रींची तुलना करता येत नाही.

अलीकडे ‘३२ बिट फ्लोट’ या प्रकारचे लहान ध्वनिमुद्रक आले आहेत आणि त्यांत पातळी लावण्याची गरजच नाही असे सांगितले जाते. हे अर्धे खरे आहे. सामान्यतः यांत लहान आणि मोठ्या आवाजांसाठी दोन वेगळे परिवर्तक असतात आणि अंक लिहिण्याची पद्धत अशी असते की वरची मर्यादा व्यवहारात गाठली जात नाही. पण मायक्रोफोनचा पडदा किंवा त्यामागचा वर्धकच मोठ्या आवाजाने गांगरला, तर पुढचे कितीही बिट ते दुरुस्त करू शकत नाहीत. शिवाय पातळी मागाहून संगणकावर वाढवता-घटवता येते, म्हणून एका मुद्रणाची वाढवली आणि दुसऱ्याची नाही, असे झाले की आपण पुन्हा त्या आडव्या रेघेशी येतो. यंत्राचा ‘ऑटो’ गेला तरी माणसाचा ‘ऑटो’ राहतोच.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. ध्वनिमुद्रकावर दिसणारे उणे २० डेसिबल म्हणजे बेडकांचा आवाज उणे २० डेसिबल नव्हे. तो आकडा यंत्राच्या वरच्या मर्यादेच्या तुलनेत आहे. हवेतील ध्वनिदाबाशी त्याची सांगड घालायची तर ज्याची पातळी ठाऊक आहे असा प्रमाणित ध्वनी टिपून यंत्र जुळवून घ्यावे लागते. शाळेने ‘काल रात्रीपेक्षा आज किती जास्त’ एवढाच दावा करावा. त्यात पुष्कळ विज्ञान आहे.

केव्हा?

या प्रश्नाला मात्र ध्वनिमुद्रक फार चोख उत्तर देतो. सेकंदाला ४८,००० नमुने म्हणजे लागोपाठच्या दोन नमुन्यांत ध्वनी हवेत सुमारे ७ मिलिमीटर अंतर जातो. एवढे बारीक वेळमापन शाळेच्या प्रयोगशाळेतील दुसरे कोणतेही स्वस्त साधन सहसा करत नाही. चिऱ्याच्या मोठ्या भिंतीपासून २५ मीटरवर ध्वनिमुद्रकाजवळ दोन फळ्या एकमेकींवर आपटा. ऑडॅसिटीसारख्या मोफत आज्ञावलीत तरंग उघडला की मूळ आवाज आणि प्रतिध्वनी यांतील अंतर सरळ मोजता येते. हवा ३० अंश सेल्सिअस असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर, म्हणजे ५० मीटरच्या जाण्यायेण्याला ०.१४३ सेकंद, अर्थात सुमारे ६,९०० नमुने. थांबघड्याळ हातात धरून केलेल्या प्रयोगात आपल्या बोटाची चूकच याहून मोठी असते.

येथे ‘ऑटो’ चालू असला तरी फारसे बिघडत नाही. तो उंची बदलतो, वेळ बदलत नाही. म्हणून ‘ऑटो’ वाईट असे सरसकट म्हणणे योग्य नाही. कोणत्या प्रश्नासाठी तो वाईट, हे सांगितले पाहिजे. पुस्तिकांत नेमके हेच नसते. त्यांत यादीतील प्रत्येक पर्यायाचे नाव आणि तो निवडण्यासाठी दाबायची बटणे यांचे वर्णन असते, पण कोणत्या कामासाठी कोणता पर्याय, याबद्दल मौन असते. कामाच्या क्रमाने लिहिलेली पुस्तिका आमच्या पाहण्यात आली नाही. मराठीत लिहिलेली तर नाहीच.

कोणता?

आवाज कोणता हे त्यातील वारंवारतांवरून ओळखले जाते. एखादी वारंवारता टिपायची तर सेकंदाला तिच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. ४८,००० नमुन्यांत २४,००० हर्ट्झच्या खालचे, म्हणजे माणसाला ऐकू येणारे सारेच येते. परंतु पुष्कळ लहान ध्वनिमुद्रकांत बॅटरी आणि जागा वाचवण्यासाठी ‘दीर्घ मुद्रण’ असा पर्याय असतो आणि त्यात नमुने सेकंदाला ८,००० पर्यंत खाली येऊ शकतात. मग ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे गळून पडते.

त्याचा परिणाम मराठी कानाला चटकन कळेल. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, पण उच्चार दोन आहेत. ‘चाक’मधील दंत्य च मध्ये जो बारीक घर्षणाचा आवाज असतो, त्याचा मोठा भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो. तो कापला गेला की दोन्ही च एकमेकांजवळ सरकतात. स आणि फ यांतही घोटाळा होतो. दूरध्वनीवर नाव सांगताना अक्षरे फोडून सांगावी लागत, त्याचे एक कारण हेच. लिपीने जो भेद नोंदवला नाही तो नोंदवायला आपण ध्वनिमुद्रक वापरायचा आणि त्यानेही तो गाळायचा, तर मग वही काय वाईट?

हीच गोष्ट फाइलीच्या प्रकाराची. एमपी३ मध्ये कानाला जाणवणार नाही असा अंदाज करून माहिती गाळली जाते. गाणे ऐकायला ठीक, पण तरंगाची चिकित्सा करायला नाही. वेव्ह प्रकारात काही गाळले जात नाही. जागेची चिंता आता उरलेली नाही. २४ बिट, ४८,००० नमुने आणि एकच वाहिनी धरली तर मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट लागतात. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर साठ तासांचे मुद्रण बसते. ‘जागा वाचवा’ हा सल्ला ज्या काळात योग्य होता तो काळ गेला; पण तो पर्याय पुष्कळ यंत्रांत अजून पहिल्या क्रमांकावर बसलेला आहे.

कोणाचा?

हा चौथा प्रश्न यंत्राच्या आवाक्यातला नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त वेळा अनुत्तरित राहतो. बांद्याच्या परिसरातील बोलीचेच उदाहरण घेऊ. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात देशातील ९७ भाषा-बोलींचे २४२ नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. त्या तबकड्यांवर आजच्या मानाने खरखर पुष्कळ आहे, तरी त्या आजही अभ्यासता येतात. कारण कोणती भाषा, कोणता मजकूर याची नोंद त्यांच्याबरोबर टिकली. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत बांद्यापासून जवळच्या कुडाळ भागातील बोलीवर ‘कुडाळी’ हा ग्रंथ १९६५ साली दिला. बोलीचे शास्त्रशुद्ध वर्णन म्हणून त्याचे मोल मोठे आहे, पण पुस्तकातून आवाज ऐकू येत नाही.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. बर्नार बेल यांच्या साहाय्याने नव्वदीच्या दशकात त्यांतील हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळू लागल्या. त्या ऐकताना मागे जात्याची घरघर येते, मध्येच कोणी बोलते. शुद्ध मुद्रणाच्या दृष्टीने हा दोष म्हणता येईल. आमच्या मते तो दोष नाही. ओवी ज्या कामाच्या लयीत जन्मली ती लय त्या घरघरीत आहे. गोंगाट दाबणाऱ्या आज्ञावलीने ती पुसली असती. या संग्रहाचे खरे बळ मात्र दुसरीकडे आहे. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव जोडलेले आहे.

अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यात बोलणाऱ्याचे गाव, वय, शिक्षण यांसह मुद्रण आणि त्याचे लिप्यंतर दोन्ही सर्वांसाठी खुले ठेवले आहे. शाळेला आदर्श हवा असेल तर तो येथे आहे. हे काम मोठ्या संस्थेचे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. यातील नोंदीची शिस्त एका पानाच्या तक्त्यात मावते.

याउलट आमच्या त्या ध्वनिमुद्रकातील स्थिती पाहा. बेडकांच्या मुद्रणांच्या मागोमाग एका आजीबाईंच्या ओव्यांची तीन मुद्रणे होती. मुलांपैकी कोणीतरी ती उत्साहाने घेतली होती. पण यंत्रातील घड्याळ कधी लावलेच नव्हते, त्यामुळे सगळ्या फाइलींवर एकाच वर्षाच्या एक जानेवारीची तारीख. आजी कोणत्या वाडीतल्या, नाव काय, ओव्या कोणाकडून शिकलेल्या, हे कोणी लिहिले नव्हते. विचारत गेल्यावर मुद्रण करणारा मुलगा शाळा सोडून गेल्याचे कळले. आवाज स्पष्ट आहे, गोड आहे, आणि आम्हांला तो कोणाचा ते माहीत नाही. बेडूक पुढच्या पावसात पुन्हा ओरडतात. त्या आजी पुन्हा गातील याची खात्री कोणी द्यावी?

निष्कर्ष

ध्वनिमुद्रक हे उपकरण चांगले आहे. त्याची सुरुवातीची मांडणी आणि पुस्तिका ही दोन्ही शाळेच्या कामाची नाहीत. म्हणून पुस्तिकेऐवजी पुढील क्रम एका पुठ्ठ्यावर लिहून यंत्राच्या पिशवीत ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

१. नवी बॅटरी घालून तारीख आणि वेळ लावा. बॅटरी बदलल्यावर ती पुन्हा तपासा.
२. आधीच्या फाइली संगणकावर दोन ठिकाणी उतरवल्याची खात्री झाल्यावरच कार्ड यंत्रातच कोरे करा.
३. फाइलीचा प्रकार वेव्ह, २४ बिट, ४८,००० नमुने.
४. ‘ऑटो’ पातळी, गोंगाट दाबणे आणि आवाज सुधारण्याचे इतर सर्व पर्याय बंद.
५. सर्वांत मोठ्या आवाजावर पातळी लावा. माथा उणे १२ डेसिबलच्या आसपास. वर्धनाचा आकडा वहीत.
६. मायक्रोफोनवर वाऱ्यासाठी फोमचे किंवा लोकरी आवरण घाला. यंत्र हातात न धरता तिवईवर ठेवा.
७. कानाला हेडफोन लावून अर्धा मिनिट चाचणी मुद्रण करा आणि ते ऐका.
८. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात दिनांक, वेळ, ठिकाण, अंतर आणि आपले नाव बोला. कागद हरवला तरी हे फाइलीबरोबर राहते.
९. माणसाचा आवाज घेताना आधी परवानगी घ्या, आणि नाव, गाव व वय विचारून लिहा. नंतर त्यांना ते ऐकवा.

यांतील आठवी आणि नववी सूचना कोणत्याही पुस्तिकेत आम्हांला आढळली नाही. त्यांना पैसे पडत नाहीत आणि जुन्यात जुन्या यंत्रावरही त्या पाळता येतात.

पुढच्या पावसाळ्यात मुलांनी तोच प्रयोग याच क्रमाने पुन्हा केला. सर्वांत शांत आणि सर्वांत गजबजलेल्या रात्रीत या वेळी १४ डेसिबलचे अंतर निघाले. पावसाचा आणि आवाजाचा संबंध त्यातून सिद्ध झाला नाही. बारा नोंदींत तो होणारही नाही. शिवाय आवाज वाढला तो बेडूक जास्त होते म्हणून की जवळ होते म्हणून, हेही एका मायक्रोफोनवरून कळत नाही. मुलांनी निष्कर्षात हे सर्व लिहिले. प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळाले नाही. पण आदल्या वर्षी ‘एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते’ असे सांगणाऱ्या त्या मुलीने नव्या आलेखावरील सर्वांत उंच बिंदूवर बोट ठेवले आणि वहीतून ती रात्र कोणती ते वाचून दाखवले. तारीख, वेळ, वर्धन, पाऊस आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव, सगळे तेथे होते.

त्या आजींच्या ओव्या अजून आमच्याकडे आहेत. बांद्याच्या आसपासच्या शाळांतील शिक्षकांनी आपल्या वर्गात त्या ऐकवाव्यात आणि कोणाला आवाज ओळखता येतो का ते पाहावे, यासाठी आम्ही त्यांच्या प्रती देत आहोत. आमची चूक सुधारण्याचा आम्हांला सुचलेला हा एकच मार्ग आहे.